रेव्हरंड नारायण वामन टिळक : मूळ स्रोतांचा शोध

फुलामुलांचे कवी म्हणून टिळक तुमच्या परिचयाचे आहेत. येथे त्यांच्या जीवनाकडे आपण एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणार आहोत. धर्मांतर केल्याने मनुष्याचा स्वभाषेतील पूर्वपरंपरेवरचा हक्क संपतो काय?

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशीही काही वर्षे ताटातूट झाली. पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी ठरली. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले.

रूढींपलीकडे जाऊन मूळ बायबलचा आधार घ्यावा, ही सोळाव्या शतकापासून प्रॉटेस्टंट विचाराची प्रेरणा होय. टिळकांनी तिला मराठी दिशा दिली. त्या काळच्या उपासनेत इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचा मोठा भरणा होता. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांचा अवलंब केला. बायबलमध्ये नव्या कराराआधी जुना करार येतो. महाराष्ट्रासाठी ते स्थान संतवाङ्मयाचे आहे, अशी त्यांची धारणा होती. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. म्हणूनच त्यांच्या काव्यात ख्रिस्त गुरू आणि माउली होऊन येतो. या शब्दांसोबत वारकरी भक्तीचा संपूर्ण भावार्थ येतो, हे भाषेच्या दृष्टीने लक्षात घ्या.

अकोले तालुक्यात उगम पावणाऱ्या दोन नद्या येथे आठवाव्यात. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मुळेच्या काठी राहुरी येथे टिळकांचे काही काळ वास्तव्य होते. पुढे या नद्या एकत्र येतात.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

टिळकांनी श्रद्धा बदलली, पण परंपरेवरचा हक्क सोडला नाही. संतवाङ्मय ही एखाद्या धर्मसमूहाची मालमत्ता आहे की मराठी भाषेचा सामाईक वारसा, याचा त्यांच्या जीवनाच्या आधारे विचार करा आणि आपले मत सकारण लिहा.