तळहातावरची अक्षरे

हेलन केलर हे नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतून घरोघरी पोचलेले आहे. आंधळी आणि बहिरी मुलगी, तिला शिकवणाऱ्या ॲन सुलिव्हनबाई, पंपाच्या धारेखाली धरलेला हात आणि त्याच वेळी दुसऱ्या हातावर उमटवलेला पाणी हा शब्द, एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण ती मुलगी पुढे ८७ वर्षांची होऊन गेली. तिच्या आयुष्याचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. ज्या घरात आजी किंवा आजोबा डोळ्यांनी आणि कानांनीही अधू होत चालले आहेत, त्या घराला मात्र हा उत्तरार्धच जास्त उपयोगाचा आहे.

हेलन यांचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी झाला. १९ महिन्यांच्या असताना आलेल्या आजारात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेले. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल हे बहिऱ्या मुलांचे शिक्षकही होते. त्यांच्या सल्ल्याने आईवडिलांनी बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेकडे मदत मागितली आणि ३ मार्च १८८७ रोजी ॲन सुलिव्हन त्यांच्या घरी आल्या. त्यांचे वय अवघे वीस. खुपऱ्यांमुळे त्यांचीही नजर लहानपणीच अधू झालेली, बालपण अनाथ-गरिबांच्या आश्रमात गेलेले. पर्किन्समध्ये लॉरा ब्रिजमन नावाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या अंध-बधिर बाई राहत असत. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून ॲन बोटांची अक्षरे शिकल्या होत्या. बोटांच्या निरनिराळ्या ठेवणीतून एकेक अक्षर समोरच्याच्या तळहातात द्यायचे, अशी ती लिपी. म्हणजे छोट्या हेलनच्या हाती पडलेली भाषा एका उतारवयाच्या बाईच्या सोबतीतून आली होती.

पुढचा प्रवास सर्वांना माहीत आहे. १९०३ साली आत्मचरित्र, १९०४ साली रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी, १९२४ पासून अंधांच्या राष्ट्रीय संस्थेसाठी अखंड काम, तीसहून अधिक देशांचे दौरे. १९५५ साली त्या भारतात आल्या तेव्हा ७४ वर्षांच्या होत्या. दिल्लीत पंडित नेहरूंची भेट झाली, तेव्हा त्यांनी बोटे फिरवून नेहरूंचा चेहरा पाहिला.

पण या काळात घरात काय घडत होते? ज्या ॲनबाईंनी अक्षरे दिली, त्यांचीच नजर विझत चालली होती. १९२९ साली उजवा डोळा काढावा लागला, शेवटी दुसऱ्या डोळ्यानेही दिसेनासे झाले. तेव्हा शिष्या शिक्षिका झाली. हेलनबाई त्यांना ब्रेल नव्याने शिकवू लागल्या. ॲनबाईंना ते जड गेले. जन्मभर दुसऱ्याला वाट दाखवलेल्या माणसाला आपण परावलंबी झालो हे सोसत नाही. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या.

नंतरची सारी भिस्त पॉली थॉमसन यांच्यावर होती. त्या १९१४ पासून सोबत होत्या. १९५७ साली एके दिवशी घरात दोघीच असताना पॉलीबाईंना मेंदूचा झटका आला. हेलनबाईंना टेलिफोन करता येत नव्हता, हाक मारली तरी ऐकणारे जवळ कोणी नव्हते. टपालवाला येईपर्यंत त्या तशाच अडकून पडल्या. जग ज्यांना ओळखत होते त्या बाईंची ही स्थिती, कारण घरातली बोलकी बोटे एकाच माणसाची होती. १९६० साली पॉलीबाई वारल्या. १९६१ साली हेलनबाईंनाही झटका आला आणि त्यांनी सार्वजनिक जीवन थांबवले. तरी १ जून १९६८ रोजी देह ठेवीपर्यंत सोबतीची परिचारिका त्यांच्या हाताशी बोलत होती.

आता आपल्या घराकडे वळू. म्हातारपणी नजर आणि कान सहसा एकदम जात नाहीत. एक अधू झाले की माणूस दुसऱ्यावर भागवतो. कमी ऐकणारा समोरच्याच्या ओठांकडे बघून निम्मे बोलणे ओळखतो, कमी दिसणारा आवाजावरून माणूस ओळखतो. दुसरेही अधू झाले की हा आधारच जातो. म्हणून मोतीबिंदू वाढला की आजी अचानक जास्त बहिऱ्या झाल्यासारख्या वाटतात. विचारले एक की सांगतात दुसरे. ताटाऐवजी पाटावर हात जातो. मग घरातले म्हणतात, साठी बुद्धी नाठी. बुद्धी बहुधा जागेवरच असते. तिच्यापर्यंत काही पोचत नाही, इतकेच.

बँकेत नोकरी केलेल्या कोणालाही नोव्हेंबर महिना आठवेल. निवृत्तिवेतन घेणारी मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. त्यात असे कोणी असले की नातू अंगठा धरून शाईला लावतो, कागदावर टेकवतो आणि त्यांना परत नेतो. आपण कुठे आलो, कागद कशाचा, हे त्या माणसाला सांगायचे राहून जाते. सांगायचे कसे हेच कोणाला ठाऊक नसते.

ते सांगता येते. छोट्या हेलनला शब्द म्हणजे काय इथपासून शिकावे लागले. आजोबांकडे सत्तर वर्षांचे शब्द आहेत. त्यांना भाषा शिकवायची नाही, फक्त नवे दार उघडायचे आहे. ऑस्ट्रियातले लेखक हिएरोनिमस लोर्म (१८२१ ते १९०२) तरुणपणी बहिरे झाले आणि पुढे हळूहळू आंधळे. त्यांनी तळहातावर स्पर्शाने बोलण्याची अक्षरे स्वतःच बसवली. जर्मन भाषिक देशांत ती आजही वापरात आहेत.

आपल्याला तर देवनागरी पुरेशी आहे. बोटाने तळहातावर, एकाच जागी, एकावर एक, मोठी आणि वर रेघ न देता अक्षरे काढावीत. शब्द संपला की तळहात हलकेच दाबावा, चुकले तर पुसल्यासारखा हात फिरवावा. अक्षरओळख नसेल तर खुणा ठरवाव्यात: जेवणाला एक, औषधाला दुसरी, पाहुणे आले तर तिसरी. जवळ जाणाऱ्याने आधी आपली ओळख द्यावी. सुनेच्या बांगड्या, मुलाचे घड्याळ, नातवाची अंगठी त्यांच्या हाताला लावली तरी पुरे. आणि ही भाषा घरातल्या सगळ्यांनी शिकावी, एकट्या सुनेवर सोडू नये. पॉलीबाईंची हकीकत त्यासाठी लक्षात ठेवावी.

त्याआधी डॉक्टरकडे जायला हवे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने निघतो, कानातला मळ काढता येतो, श्रवणयंत्र मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंध-बधिरत्वाचा उल्लेख बहुविकलांगतेखाली स्पष्टपणे आहे, प्रमाणपत्र त्यानुसार मागावे. गरीब ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. मुंबईत १९७७ साली बहिऱ्या व अंध-बधिर मुलांसाठी हेलन केलर यांच्याच नावाची संस्था निघाली. पण परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात आयुष्य काढलेल्या वृद्धाला मुंबई लांबच. त्याचे पुनर्वसन व्हायचे ते घरातच.

हेलनबाईंच्या बागेत त्यांना एकटीने फिरता यावे म्हणून वाटेच्या कडेने कठडा घातला होता. आपल्याकडे खाटेपासून मोरीपर्यंत बांधलेली दोरी तेच काम करील. वालूरच्या चक्राकार बारवेच्या पायऱ्या जन्मभर उतरलेल्या माणसाच्या पायांना वाट पाठ असते. घरातली घागर, खाट, चपला रोज एकाच जागी ठेवल्या तर घरही तसेच पाठ होते.

घरात असे कोणी असेल तर आजच्या रविवारी त्यांचा हात हातात घ्यावा आणि गावातली एखादी ताजी बातमी तळहातावर लिहावी. पहिल्या खेपेला कळणार नाही. पुन्हा लिहावी.