मुलाम्याचे गणित

सायकलच्या चकाकणाऱ्या हँडलकडे आपण पाहतो, तेव्हा डोळ्यांना दिसते ते पोलाद नसते. पोलादावर निकेलचा आणि निकेलवर क्रोमियमचा थर चढवलेला असतो. निकेल गंजापासून संरक्षण करते, तर क्रोमियम कठीणपणा व चमक देते. क्रोमियमचा हा थर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. विजेच्या साहाय्याने धातूचा असा मुलामा देण्याच्या क्रियेला विद्युत विलेपन म्हणतात. किती विजेने किती धातू साठेल, याचा नियम मायकेल फॅरडे यांनी शोधून काढला. विशेष हे, की या हिशोबाचा पाया घालणाऱ्या फॅरडे यांना उच्च गणित शिकण्याची संधी कधीच मिळाली नव्हती.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहारकाम करीत; पण प्रकृती साथ देत नसल्याने घरात सदैव ओढगस्त असे. लिहिणे, वाचणे आणि थोडी आकडेमोड एवढ्यावरच मायकेलची शाळा सुटली. चौदाव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकू लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचूनही काढी. एका विश्वकोशातील विजेवरील लेखाने आणि जेन मार्सेट यांच्या रसायनशास्त्रावरील पुस्तकाने त्याच्या मनात विज्ञानाची ओढ निर्माण केली.

१८१२ मध्ये दुकानातील एका ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने ती व्याख्याने टिपून घेतली, आकृत्या काढल्या आणि स्वतःच्या हातांनी बांधून तो ग्रंथ डेव्हींकडे पाठवला. मार्च १८१३ मध्ये तो त्यांचा प्रयोगशाळा-साहाय्यक झाला. त्याच वर्षी डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासाला निघाल्यावर त्याला नोकराचीही कामे करावी लागली. तो अपमान त्याने गिळला. कारण याच प्रवासात विद्युतघटाचे जनक व्होल्टा यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना भेटण्याचे भाग्य त्याला लाभले.

पुढे १८३१ मध्ये फॅरडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्यानंतर ते विद्युत अपघटनाकडे वळले. विजेने धातूचा मुलामा देता येतो, हे इटलीतील ब्रुन्यातेल्ली यांनी १८०५ मध्येच दाखवले होते. परंतु त्यामागचे प्रमाण कोणालाच माहीत नव्हते. फॅरडे यांनी विजेचा एकच प्रवाह निरनिराळ्या द्रावणांतून आणि वितळवलेल्या क्षारांतून नेला. एकीकडे पाण्यापासून निघणारा वायू त्यांनी मोजला, तर दुसरीकडे वितळवलेल्या क्षारातून साठलेले कथील तोलून पाहिले. पट्ट्यांचा आकार बदलला, आम्लाची तीव्रता बदलली. तरी प्रमाण ढळले नाही. साठणाऱ्या पदार्थाचे वस्तुमान वाहिलेल्या विजेच्या प्रमाणात असते आणि तेवढ्याच विजेने निरनिराळे पदार्थ आपापल्या सममूल्य भारांच्या प्रमाणात मुक्त होतात, असे दोन नियम त्यांनी १८३३-३४ च्या सुमारास मांडले. आजच्या मापांत सांगायचे, तर १ अँपिअरचा प्रवाह १ तास वाहिल्यास सुमारे ४ ग्रॅम चांदी साठते. तेवढ्याच विजेने तांबे मात्र सुमारे १.२ ग्रॅमच साठते. धनाग्र, ऋणाग्र, आयन या संकल्पनांसाठीचे पाश्चात्त्य शब्दही विद्वान मित्र ह्यूएल यांच्या मदतीने त्यांनीच रूढ केले.

पूर्वी सोन्याचा मुलामा देताना सोने पाऱ्यात मिसळून वस्तूला लावीत आणि तापवून पारा उडवीत. त्या विषारी वाफेने अनेक कारागिरांचे आरोग्य उद्ध्वस्त होई. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने सोन्याचांदीचा मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि पाऱ्याची जुनी रीत हळूहळू मागे पडली. नव्या कृतीतही सायनाइडसारखी विषारी द्रव्ये होतीच. म्हणून आजही विलेपनाच्या कारखान्यातील सांडपाणी शुद्ध केल्यावाचून सोडणे धोक्याचे असते. मात्र थराची जाडी आता केवळ कारागिराच्या अंदाजावर अवलंबून राहिली नाही. प्रवाह आणि वेळ यांवरून ती आधीच ठरवता येऊ लागली.

या धंद्याची भरभराट होत असताना फॅरडे प्रयोगशाळेतच रमले होते. व्यावसायिक सल्ल्यातून मिळणारे मोठे उत्पन्न त्यांनी संशोधनासाठी सोडून दिले होते. ‘सर’ हा किताब आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी नाकारले. मुलांसाठी नाताळात व्याख्याने देणे मात्र त्यांना मनापासून आवडे. उतारवयात स्मरणशक्ती क्षीण होत गेली, तेव्हा एकेक जबाबदारी त्यांनी शांतपणे खाली ठेवली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले.

लोखंड किती लवकर गंजते, हे लोहाराच्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही. त्या लोखंडावर किती जाड कवच चढेल, याचे माप मात्र त्याच मुलाने जगाला दिले. शाळा लवकर सुटली, तरी त्याने शिकणे कधीच सोडले नव्हते.