अर्ध्या वाटेवरची शिष्यवृत्ती

परदेशी जाऊन कायदा शिकू इच्छिणाऱ्या तरुणाला प्रवेशपत्र हाती पडले की गड सर झाला, असे वाटते. परळच्या बी.आय.टी. चाळीत संसार केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र निराळेच सांगते.

कोलंबिया विद्यापीठातून 1916 साली ते लंडनला गेले. कायद्यासाठी ग्रेज इनने आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने त्यांना प्रवेश दिला. परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी तेवढी पदरी होती. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. अखेर सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या वेतनातून साठविलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या स्नेह्याचे कर्ज एवढ्या पुंजीवर 1920 साली ते पुन्हा निघाले. मागे परळचा संसार रमाबाईंनी ओढला.

1923 साली ते बॅरिस्टर होऊन परतले. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्याच दामोदर हॉलमध्ये थाटली गेली. महाडच्या चवदार तळ्याचा दावा 1937 साली हायकोर्टात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला.

बडोद्याचे ऋण मोठे आहे, यात शंका नाही. तथापि गुणवंताला अर्ध्या वाटेवरून परत फिरविणारी शिष्यवृत्ती अपुरीच होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्येकाला भथेना भेटतोच असे नाही!