विश्लेषण : ट्रकचा ‘अप्पर’ वाढवण्याआधी… पुण्यात ट्रक घडवणाऱ्या सुमंत मुळगावकरांची गोष्ट

साताऱ्याकडून पुण्याकडे येणारा भरलेला ट्रक खंबाटकी ओलांडतो, शिरवळ मागे टाकतो आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाच्या उताराला लागतो. रात्रीच्या वेळी या वाटेवर चालकाचा सगळा भरवसा पुढच्या दोन दिव्यांवर असतो. ‘अप्पर’ मारूनही पुढचे नीट दिसत नाही, ही तक्रार जुनी आहे. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. नाना पेठेतून जादा वॅटचा बल्ब किंवा एलईडी आणायचा, नाहीतर बंपरवर दिव्यांची पट्टी बसवायची.

पण कारखान्यातून निघालेल्या ट्रकवर बाहेरून इतके काही बसवण्याची सवय आपल्याकडे कशी रुजली? आणि नवा दिवा लावण्याआधी काय तपासावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात ट्रकचा कारखाना उभा करणाऱ्या सुमंत मुळगावकर यांच्या काळात सापडते. दुसऱ्यासाठी त्यांच्या कामाची पद्धत उपयोगी पडते.

कोण होते सुमंत मुळगावकर?

सुमंत मुळगावकर यांचा जन्म ५ मार्च १९०६ रोजी मुंबईत झाला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये त्यांनी मेकॅनिकल इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले. भारतात परतल्यावर त्यांनी उमेदीची वर्षे सिमेंट उद्योगात घालवली, पुढे ‘एसीसी’त. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून यंत्रे येणे अवघड झाले होते. सिमेंटची यंत्रसामग्री देशातच बनवण्याचे काम त्यांनी या काळात केले. बाहेरून आणता येत नसेल तर ते यंत्र बनवण्याची क्षमता आपल्याकडे उभी करायची, हा धडा त्यांना इथे मिळाला आणि तो आयुष्यभर टिकला.

जे. आर. डी. टाटांच्या काळात, १९४९ मध्ये, ते ‘टेल्को’त आले. ही कंपनी म्हणजे आजची टाटा मोटर्स. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोचा कारखाना जमशेदपूरला होता आणि तिचे मुख्य काम रेल्वेची इंजिने बनवणे हे होते. ट्रक तेव्हा चित्रातही नव्हता.

इंजिनाकडून ट्रककडे वळण कसे मिळाले?

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी १५ वर्षांचा करार केला. त्याच वर्षी जमशेदपूरमधून ‘टाटा-मर्सिडीज-बेंझ’ ट्रक बाहेर पडू लागले. पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असलेला हा ट्रक काही वर्षांतच देशभरच्या रस्त्यांवर ओळखीचा झाला.

करार १९६९ मध्ये संपणार होता. त्यानंतर रेखाटने, साचे आणि नवे मॉडेल कोठून आणायचे, हा प्रश्न होता. मुळगावकरांनी त्याची तयारी करार संपण्याच्या आधीच सुरू केली होती. १९६९ मध्ये तारा गेला आणि त्याच्या जागी टाटांचे ‘टी’ हे चिन्ह आले, तेव्हा ट्रक बनवणे थांबले नाही.

पुण्यात पहिली गाडी यायला ११ वर्षे का लागली?

या तयारीचे केंद्र पुणे होते. १९६६ मध्ये पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्कोचे काम सुरू झाले. पण इथे आधी ट्रक बनला नाही. आधी मशीन टूल, म्हणजे यंत्रे बनवणारी यंत्रे, तयार होऊ लागली. पत्रा दाबण्याचे साचे बनले. तरुण मुलांना शिकाऊ म्हणून घेऊन प्रशिक्षण दिले गेले. संशोधन केंद्र उभे राहिले. पुण्यात बनलेले पहिले व्यावसायिक वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले.

म्हणजे तब्बल ११ वर्षे हत्यारे आणि माणसे घडवण्यात गेली. आजच्या हिशेबाने हा वेळ फार वाटेल. मात्र आसपास सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने वाढत गेले आणि पिंपरी-चिंचवड वाहन उद्योगाचे शहर झाले, त्यात या पायाभरणीचा मोठा वाटा आहे.

कारखान्याची माळरानासारखी जागाही त्यांनी तशीच ठेवली नाही. तिथे मोठ्या प्रमाणावर झाडे लावली गेली, तलाव तयार झाला आणि पक्षी येऊ लागले.

मग अर्धा ट्रक बाहेर का बनायचा?

त्या काळात बहुतेक ट्रक कारखान्यातून पूर्ण होऊन निघत नसत. मालकाला मिळायची ती चॅसिस, इंजिन आणि पुढचा काउल. केबिन आणि मागचा हौदा बॉडी बिल्डरकडे बनायचा. लाकूड किती, पत्रा किती, चालकाची सीट कशी, छपरावर काय, हे मालक आणि मिस्त्री ठरवायचे.

त्यातच परवाना राजमुळे वाहनांचे उत्पादन मर्यादित होते. नवा ट्रक सहज मिळत नसे, म्हणून जुना दुरुस्त करून वर्षानुवर्षे चालवावा लागे. कमी पडेल ते बाहेरून बसवणे ही हौस नव्हती, गरज होती. जादा हॉर्न, जादा पाटे, जादा दिवे हे सगळे याच वाटेने आले. ट्रकच्या मागे रंगवलेली रात्री डिपर वापरण्याची सूचनाही याच जगातली आहे.

मुळगावकरांबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दुपारच्या जेवणाच्या वेळी ते अचानक दिसेनासे होत. सहकाऱ्यांना वाटे, ते कुठल्या तरी बड्या हॉटेलात डीलरांबरोबर जेवत असतील. प्रत्यक्षात ते महामार्गावरच्या धाब्यावर ट्रकचालकांबरोबर जेवत आणि गाडीत काय चांगले, काय वाईट हे विचारून टिपून घेत. या गोष्टीत काळाच्या ओघात थोडी भर पडलीही असेल. मात्र चालक जे सांगतो ते कारखान्याच्या कामाचे असते, हा तिचा मुद्दा आजही लागू आहे.

‘अप्पर’ कमी पडतो, म्हणजे नेमके काय होते?

चालकाची तक्रार खरी आहे आणि तिच्यामागे साधे गणित आहे. ताशी ६० किमी वेगाने ट्रक एका सेकंदात सुमारे १७ मीटर जातो. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपतात. कोरडा सपाट रस्ता आणि चांगले ब्रेक असले तरी थांबायला आणखी ३० मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे एकूण ५५ मीटर. डिपरचा कामाचा उजेड साधारण इतक्याच अंतरापर्यंत पोहोचतो. वेग ८० झाला की हेच अंतर ८० मीटरच्या पुढे जाते. उतार आणि ओला रस्ता असेल तर त्याहून जास्त. तिथे अप्परला पर्याय नाही.

पण दिव्याचे वॅट वाढवले म्हणून अंतर त्याच प्रमाणात वाढत नाही. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड हवा असेल तर दिव्याची तीव्रता चौपट लागते. त्यामुळे आहे तो उजेड कुठे वाया जातो, हे आधी शोधावे लागते. तो बहुधा तीन ठिकाणी जातो.

पहिले ठिकाण वायरिंग. जड ट्रकमध्ये २४ व्होल्टची यंत्रणा असते आणि हॅलोजन बल्ब सहसा ७५/७० वॅटचा असतो. जुनी बारीक वायर, झिजलेला स्विच आणि गंजलेले अर्थिंग यांमुळे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. व्होल्टेज १० टक्के घटले की हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो. अशा वायरवर १०० वॅटचा बल्ब लावला तर उजेड फारसा वाढत नाही, होल्डर मात्र वितळतो.

दुसरे ठिकाण काच आणि रिफ्लेक्टर. काच पिवळी किंवा धुरकट झाली, आतली चकाकी गेली की बल्ब कितीही चांगला असला तरी प्रकाश पसरतो, पुढे जात नाही.

तिसरे ठिकाण दिव्याचा रोख. मागे माल भरला की मागचे पाटे बसतात आणि गाडीचे नाक वर होते. मग अप्परचा झोत झाडांवर जातो आणि डिपरचा समोरच्याच्या डोळ्यांत.

एलईडी बसवला की प्रश्न सुटतो का?

हॅलोजनचा रिफ्लेक्टर विशिष्ट जागी असलेल्या बारीक फिलामेंटसाठी बनवलेला असतो. तिथे एलईडी बल्ब घातला आणि त्याची चिप त्या जागी नेमकी आली नाही तर झोत विस्कटतो. बंपरपुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, चालकाला बरे वाटते, पण लांबचा प्रकाश उलट कमी झालेला असू शकतो.

समोरच्याचे काय होते, हा त्याहून गंभीर प्रश्न आहे. तीव्र झोतानंतर डोळे पुन्हा स्थिरावायला काही सेकंद लागतात. ताशी ६० किमी वेगाने तीन सेकंद म्हणजे ५० मीटर आंधळा प्रवास. कडेने चालणारा माणूस, दिवा नसलेली बैलगाडी, बंद पडलेला ट्रक हे सगळे त्या ५० मीटरमध्ये असू शकते. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ सांगतो, की ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत असा झोत खाली असावा किंवा चालकाला तो खाली करता यावा.

वाहनांचे दिवे नियमात बसतात का, हे तपासणारी एक प्रमुख संस्थाही पुण्यातच आहे. वेताळ टेकडीवरची ‘एआरएआय’ १९६६ मध्ये, म्हणजे टेल्कोचे पुण्यातले काम सुरू झाले त्याच वर्षी स्थापन झाली.

मग चालक-मालकाने काय करावे?

• आधी इंजिन चालू ठेवून बल्बच्या होल्डरवर आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजून घ्यावे. फरक जास्त असेल तर दोष वायरिंगचा.
• बॅटरीकडून फ्यूजसह जाड वायर आणि दिव्याजवळ रिले बसवावा. जुन्या स्विचने फक्त रिले चालू होतो, दिव्याचा पूर्ण करंट त्यातून जात नाही.
• अर्थिंग घासून घट्ट करावे. काच, रिफ्लेक्टर खराब असेल तर पूर्ण हेडलाइट बदलावा.
• नेहमीचा माल भरून, सपाट जागी, भिंतीसमोर रोख लावून घ्यावा.
• एवढे करूनही उजेड कमी पडला तर त्या गाडीसाठी मान्यताप्राप्त पूर्ण दिवा घ्यावा. नुसता बल्ब बदलून भागत नाही.
• वाहन समोरून येत असेल तर डिपर. त्याला पर्याय नाही.

मुळगावकरांची शेवटची वर्षे कशी गेली?

ऐंशीच्या दशकात मुळगावकर मारुती उद्योगाचे बिगर-कार्यकारी अध्यक्षही होते. त्याच काळात टोयोटा, निसान, मित्सुबिशी आणि माझदा या जपानी कंपन्यांच्या साथीने हलके ट्रक भारतात आले. टेल्को मागे पडेल, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. १९८६ मध्ये टेल्कोने स्वतःच्या बळावर विकसित केलेला ‘४०७’ आणला. तो भाजी मंडईपासून घरसामानापर्यंत सगळीकडे पोहोचला आणि आजही दिसतो. साठच्या दशकात पुण्यात उभी केलेली हत्यारे आणि माणसे इथे कामी आली.

त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांनी मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१९८८ मध्ये टेल्कोची सूत्रे रतन टाटांकडे गेली. १ जुलै १९८९ रोजी मुळगावकरांचे निधन झाले. १९९४ मध्ये आलेल्या ‘सुमो’चे नाव सुमंत आणि मुळगावकर यांच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवल्याचे सांगितले जाते.

मुळगावकरांनी आधी हत्यारे आणि माणसे घडवली, ट्रक नंतर आला. दिव्याचेही तसेच आहे. आधी वायर, अर्थिंग आणि रोख, मग नवा दिवा. हा क्रम उलटा झाला की खर्च मालकाचा होतो आणि धोका समोरून येणाऱ्याला.