सुरांनी परत आणलेली सोलेदाद

लिस्बनजवळच्या सागरी महामार्गावर १८ ऑगस्ट १९७० रोजी एका मोटारीला ट्रकची धडक बसली. मोटार चालविणारा पती बचावला. पत्नी सोलेदाद मिरांडा हिने काही तासांतच रुग्णालयात प्राण सोडला. तिचे वय अवघे २७ वर्षे होते. ज्या चित्रपटामुळे तिचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले, तो तेव्हा प्रदर्शितही झालेला नव्हता.

सोलेदादचा जन्म ९ जुलै १९४३ रोजी स्पेनमधील सेव्हिल शहरात, एका गरीब कुटुंबात झाला. नृत्य आणि गायनाची आवड तिला बालपणापासून होती. सोळाव्या वर्षी तिने माद्रिद गाठले. त्यानंतरच्या दशकात तिने तीसहून अधिक चित्रपट केले, गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. परंतु वाट्याला आल्या त्या बहुतांशी दुय्यम भूमिका. 'साउंड ऑफ हॉरर' या भयपटात तर निर्मितीखर्च इतका तुटपुंजा होता, की त्यातील डायनासोर अदृश्यच ठेवण्यात आला. प्रेक्षकांना तो केवळ आवाजातून भेटत असे.

विवाह आणि पुत्रजन्मानंतर दिग्दर्शक जेस फ्रँको यांनी तिला पुन्हा पडद्यावर आणले. ख्रिस्तोफर ली यांच्यासमवेत 'काउंट ड्रॅक्युला' झाला आणि पाठोपाठ अल्पखर्चातील चित्रपटांची रांगच लागली. त्यांपैकी 'व्हँपायरोस लेस्बोस'मध्ये तिने रक्तपिपासू उमरावपत्नी साकारली. चित्रपटात नग्न दृश्ये होती. कुटुंबीयांना संकोच वाटू नये म्हणून तिने श्रेयनामावलीत 'सुझान कोर्डा' हे नाव धारण केले. १९७१ मध्ये चित्रपट आला आणि विस्मृतीत गेला.

त्याचे संगीत जर्मनीच्या मॅनफ्रेड ह्यूब्लर आणि सिगफ्रीड श्वाब यांचे होते. ऑर्गन, पितळी वाद्ये, विद्युत गिटार आणि सतार यांच्या धुंद मिश्रणातून ते घडले होते. पंडित रविशंकर आणि बीटल्स यांच्यामुळे तेव्हा पाश्चात्त्य जगावर सतारीची मोहिनी पडली होती. हे ध्वनिमुद्रण फ्रँको यांनी सोलेदादच्या आणखी दोन चित्रपटांतही वापरले.

१९९५ मध्ये बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने ते नव्याने प्रकाशित केले. ब्रिटनमधील तरुण श्रोत्यांनी ते उचलून धरले. १९९७ मध्ये क्वेंटिन टॅरँटिनो यांच्या 'जॅकी ब्राउन'मध्येही त्यातील एक रचना ऐकू आली. सुरांच्या मागोमाग रसिक चित्रपटापर्यंत पोहोचले आणि तेथे त्यांना सोलेदाद भेटली.

ज्या चित्रपटात तिने स्वतःचे नाव दडविले, त्याच चित्रपटामुळे आज ती तिच्या खऱ्या ओळखीने स्मरली जाते. ही कीर्ती पाहणे मात्र तिच्या नशिबी नव्हते.