फियाटचा शिल्पकार : दांते जाकोझा

दांते जाकोझा कोण, असे आमच्या वर्गात विचारले तर एकही हात वर होणार नाही. फियाट म्हटले की मात्र वडीलधाऱ्यांचे चेहरे खुलतात. द्वारका चौकातून मुंबईच्या रस्त्याला लागलेल्या टॅक्सीत दाटीवाटीने बसून ज्यांनी कसारा घाट उतरला, त्यांना ती पद्मिनी या नावाने आठवते. माझे आजोबा हीच टॅक्सी चालवीत. वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. पण तिचे मूळ म्हणजे फियाट ११००, आणि तिचा आराखडा इटलीतील तुरीन शहरी जाकोझांनी केलेला.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १९०५ रोजी रोम येथे झाला. १९२७ मध्ये तुरीनला अभियंता होऊन पुढच्याच वर्षी ते फियाटच्या एका उपकंपनीत चिकटले. मोटारीचा आराखडा करणारा म्हणजे सुबक चित्रे काढणारा, अशी आपल्याकडे समजूत आहे. खरे तर या कामात चित्र थोडे आणि हिशेब फार! वजन किती, पत्रा किती, किंमत किती आणि माणसाचे गुडघे कुठे येणार, हे आधी सोडवावे लागते.

१९३४ मध्ये कंपनीचे सर्वेसर्वा जोव्हान्नी अग्नेल्ली यांना सामान्य कुटुंबासाठी पाच हजार लिरांत बसणारी मोटार हवी होती. काम आले एकोणतीस वर्षांच्या जाकोझांकडे. त्यांनी इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे सरकवले, रेडिएटर त्याच्या मागे बसवला. जी जागा वाचली ती बसणाऱ्यांना दिली. ५६९ सीसीची ती चिमुकली ‘तोपोलिनो’, म्हणजे छोटा उंदीर, १९३६ मध्ये बाजारात आली. किंमत मात्र ८,९०० लिरांवर गेली होती! तरीही पाच लाखांवर गाड्या खपल्या.

पुढे १९५३ मध्ये आपली ११०० आली. वेगळ्या सांगाड्यावर वरचे अंग चढवण्याची जुनी रीत तिच्यात सोडली होती. सारे मिळून एकच कवच. नंतर १९५५ ची ६०० आणि १९५७ ची नवी ५०० यांनी इटलीतील मध्यमवर्गाला स्कूटरवरून मोटारीत बसवले.

पण मला सर्वांत जास्त खिळवले ते त्यांच्या एका अडलेल्या इच्छेने. आजोबांच्या टॅक्सीत मागच्या बैठकीवर मधे बसणाऱ्याच्या पायाशी एक उंचवटा असे. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, म्हणून मधून दांडा जाई. त्याचा तो उंचवटा. ताकद पुढच्याच चाकांना दिली तर दांडाही नको आणि उंचवटाही नको, हे जाकोझांना फार लवकर उमगले होते. परंतु त्यांच्या आधीच कंपनीत अशी एक गाडी चाचणीच्या वेळी, खुद्द अग्नेल्ली आत असताना, पेटली होती. तेव्हापासून ती कल्पनाच वर्ज्य ठरली. अग्नेल्ली १९४५ मध्ये वारले. कंपनीची धास्ती काही वारली नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी प्रथम मीच चढत आहे. नोकरी म्हणजे सातपूर-अंबडला लागणे आणि मिळेल ते काम करणे, एवढेच आमच्याकडे ठाऊक. एकच कल्पना उराशी धरून, पगारी नोकरीत, तीस वर्षे कोणी काढावीत, याचे मला नवल वाटते. माझ्या पिढीला तीन वर्षे दम निघत नाही! आणि त्या तीस वर्षांत ते रुसून बसले नाहीत. मागच्या चाकांच्या उत्तम गाड्या करीत राहिले.

अखेर १९६४ मध्ये संधी आली, तीही आडवाटेने. फसले तर फियाटचे नाव जाऊ नये म्हणून ‘प्रिमुला’ ही गाडी औतोबियांकी या छोट्या कंपनीच्या नावाने काढली. इंजिन आडवे, शेजारी त्याच रेषेत गिअरपेटी, ताकद पुढच्या चाकांना. ती चालली. मग १९६९ मध्ये फियाट १२८ निघाली आणि पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. आज द्वारका चौकात सिग्नलला उभ्या राहणाऱ्या लहान मोटारींपैकी बहुतेक याच मांडणीच्या असतात.

३१ मार्च १९९६ रोजी जाकोझा तुरीनला वारले, तेव्हा कुर्ल्यात पद्मिनी अजून तयार होतच होती. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पायाशी तो उंचवटा घेऊनच.