नांगर विकायला काढलेलं पत्रक मराठीतलं गाजलेलं मासिक कसं झालं?

ठाणे, कल्याण, डोंबिवली. या तीन स्टेशनांवरून रोज लाखो माणसं लोकल पकडतात. एक काळ असा होता, की गाडी यायच्या आधी बुकस्टॉलसमोर दोन मिनिटं थांबायचं, लटकवलेल्या मासिकांवर नजर फिरवायची आणि पुढच्या पाऊण तासाची सोय करून डब्यात शिरायचं. त्या मासिकांत गाड्यांची मासिकंही असायची. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर लालभडक गाडी आणि आत इंजिनपासून मायलेजपर्यंत सगळा हिशोब.

या पट्ट्याचं आणि मोटारीचं नातं फक्त वाचण्यापुरतं नव्हतं. कल्याण-डोंबिवली भागात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता आणि १९९० च्या दशकात तिथून प्यूजो ३०९ बाहेर पडत होती. त्याच दशकाच्या शेवटी, १९९८ आणि १९९९ मध्ये, ओव्हरड्राइव्ह आणि ऑटोकार इंडिया ही मासिकं सुरू झाली. गाडी घ्यायची ऐपत नसलेली कॉलेजची पोरंही ती विकत घ्यायची आणि जपून ठेवायची.

आज गाडीचा रिव्ह्यू मोबाइलवर फुकट मिळतो, तोही इंजिनाच्या आवाजासकट. जगभर हेच झालं. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने आपल्या २२ छापील मासिकांपैकी १९ बंद करत असल्याचं एका झटक्यात जाहीर केलं. त्यातली बहुतेक मासिकं गाडीशौकिनांची होती.

पण मासिकं बंद का पडतात, हे समजायचं असेल तर आधी ती चालतात कशावर, हे बघावं लागतं. त्यासाठी महाराष्ट्रातल्याच एका माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. हा माणूस होता चित्रकार, कामाला लागला लोखंडाच्या कारखान्यात आणि ओळखला गेला तो संपादक म्हणून.

त्यांचं नाव शंकर वासुदेव किर्लोस्कर. सगळा महाराष्ट्र त्यांना शंवाकि म्हणायचा.

८ ऑक्टोबर १८९१ चा त्यांचा जन्म. गाव सोलापूर. उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांचे काका. शंकररावांना लहानपणापासून ओढ होती चित्रांची. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. पुढे वेदांचे पंडित म्हणून नाव झालेले श्रीपाद दामोदर सातवळेकर तेव्हा लाहोरमध्ये चित्रकलेचा स्टुडिओ चालवायचे. त्यांच्याकडेही शंकररावांनी धडे घेतले.

यात एक गंमत आहे. काका लक्ष्मणरावसुद्धा तरुणपणी जे. जे. मध्ये चित्रकला शिकायलाच गेले होते. पण त्यांना रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून त्यांनी रंगकाम सोडलं आणि ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. बेळगावात त्यांनी सायकलींचं दुकान टाकलं. मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला. तेच आजचं सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी.

कारखाना झाला, नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन नासते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता. पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षं लागली होती, असं सांगतात. म्हणजे अडचण यंत्रात नव्हती, लोकांच्या मनात होती. आणि मनातली अडचण लेथवर ठेवून काढता येत नाही.

शंकरराव किर्लोस्करवाडीत आले आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायच्या कामाला लागले. हातात चित्रकला होती, ती जाहिरातीत उपयोगी पडली. पण जाहिरात एकदा बघून माणूस विसरतो. गिऱ्हाइकाच्या घरी दर महिन्याला जाईल असं काहीतरी हवं होतं.

१९२० साली ते निघालं. नाव होतं ‘किर्लोस्कर खबर’.

कंपनीने स्वतःचं नियतकालिक काढायचं, ही कल्पना जगात नवी नव्हती. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे मासिक काढलं होतं. फोर्ड मोटार कंपनीने १९०८ मध्ये ‘फोर्ड टाइम्स’ सुरू केलं. फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका छापली. आज हॉटेलांना तारे देणारी मिशेलिन गाइड म्हणून जग तिला ओळखतं. हिशोब सरळ होता. माणूस गाडी घेऊन जास्त फिरला, तर टायर जास्त झिजणार आणि नवा टायर विकला जाणार.

‘खबर’चा हिशोबही सुरुवातीला असाच होता. कारखान्यात काय चाललंय, कोणता माल निघाला, तो कसा वापरायचा, हे गिऱ्हाइकांना कळवायचं. कंपनीचं पत्रकच म्हणा ना. अशी पत्रकं आजही निघतात आणि बहुतेक न वाचताच रद्दीत जातात.

शंकररावांनी इथे वेगळी चाल खेळली. त्यांनी नांगराच्या पलीकडे बघायला सुरुवात केली.

त्यांच्या लक्षात आलं, की लोखंडी नांगराला नाही म्हणणारा शेतकरी आणि मुलीला शाळेत न घालणारा बाप, यांच्या मनातली गाठ एकच आहे. आजवर असंच चालत आलंय, मग आपण कशाला बदलायचं? ही गाठ सुटली तर यंत्रही विकलं जाईल आणि समाजही हलेल. त्यामुळे ‘खबर’मध्ये उद्योगाबरोबर शिक्षण, आरोग्य, रूढी, लग्न, अंधश्रद्धा हे विषय यायला लागले. कथा आल्या. व्यंगचित्रं आली आणि ती काढायला संपादक स्वतःच बसले. बुवाबाजी, कर्मकांड आणि जुनाट चालीरीतींवर त्यांच्या चित्रांनी मनसोक्त फटके मारले. त्यांचा व्यंगचित्रसंग्रहही याच हाताने काढलेला.

१९२९ मध्ये मासिकाच्या नावातला ‘खबर’ गेला. राहिलं फक्त ‘किर्लोस्कर’. कारखान्याची बातमी देणारं पत्रक आता घराघरात वाचायचं मासिक झालं होतं. नाव कंपनीचं, पण विषय वाचकाचे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, त्यांनी ‘स्त्री’ सुरू केलं. बायकांसाठीचं मासिक म्हणजे पाककृती आणि व्रतवैकल्यं, असं समीकरण तेव्हा सोपं होतं. शंकररावांनी बाईचं शिक्षण, तिची कमाई, संसारातली तिची घुसमट असल्या गोष्टी छापायला घेतल्या आणि बायकांना लिहितं केलं. १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. तरुण वाचकाला आवडेल असं, हलकंफुलकं.

बघा, ना मुंबई, ना पुणे. एका संस्थानच्या माळावर, कारखान्याच्या शेजारी एक छापखाना आणि तिथून तीन मासिकं. गठ्ठे रेल्वेने निघायचे आणि टपालाने महाराष्ट्रभर पोचायचे. ‘गोट्या’ लिहिणारे ना. धों. ताम्हनकर याच मंडळींमधले. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना राजकारणावर लिहायची बंदी होती. त्या काळात त्यांचे विज्ञाननिष्ठेवरचे बरेचसे लेख छापले ते ‘किर्लोस्कर’ने. त्या लेखांनी भल्याभल्यांना राग आला. वाचक दुखावले, टीका झाली. ज्या कंपनीला याच लोकांना माल विकायचा होता, तिच्या नावाच्या मासिकात हे छापून येत होतं, हे लक्षात घ्या. आज एखाद्या गाडी कंपनीच्या पानावर गिऱ्हाइकांना राग येईल असा एक शब्द तरी सापडतो का, शोधून बघा.

हे जमलं याचं कारण म्हणजे मालक आणि संपादक यांच्यात विश्वास होता. लक्ष्मणराव स्वतः सुधारकी विचाराचे. पुतण्या मासिकात काय छापतो, याचा नांगराच्या विक्रीशी दर महिन्याला हिशोब लावला गेला असता, तर ‘किर्लोस्कर’ कधीच उभं राहिलं नसतं.

संकटंही आली. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यावर जमाव चालून आला आणि जाळपोळ झाली. कारखाना पुन्हा उभा राहिला. मासिकंही चालू राहिली. पुढे त्यांचा कारभार पुण्याला आला आणि मुकुंदराव व शांताबाई किर्लोस्कर या पुढच्या पिढीने तो सांभाळला. १९५८ मध्ये शंकररावांनी काकांचं चरित्र लिहिलं, ‘यांत्रिकाची यात्रा’. आत्मचरित्र ‘शंवाकीय’ आलं १९७४ मध्ये. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जानेवारी १९७५ ला, ते गेले.

त्यांच्यानंतर तिन्ही मासिकांचा जोर हळूहळू ओसरला. यात कुणा एकाला दोष द्यायचं कारण नाही. मासिकाचं अर्थकारणच तसं असतं. वाचक जी किंमत मोजतो, त्यात कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च अनेकदा पूर्ण निघत नाही. उरलेला खड्डा भरतो जाहिरातदार, नाहीतर पाठीशी असलेली संस्था. टीव्ही आला, जाहिरात तिकडे गेली. रविवारच्या पुरवण्यांत कथा, पाककृती, आरोग्य सगळंच यायला लागलं. खर्च वाढत गेला आणि खड्डा भरणारे हात कमी झाले.

आता पुन्हा गाड्यांच्या मासिकांकडे या. त्यांचंही तेच झालं, फक्त वेगाने. त्यांच्या पाठीशी होत्या गाड्या, टायर आणि ऑइल विकणाऱ्या कंपन्या. त्यांची पानं भरायची त्यांच्याच जाहिरातींनी. गिऱ्हाईक मोबाइलवर गेलं तशा कंपन्याही मोबाइलवर गेल्या. आणि मासिकात जी माहिती होती, म्हणजे किंमत, मायलेज, फीचर्स, ती सगळी फोनवर आधी आणि फुकट मिळायला लागली. महिनाभर थांबून तीच माहिती विकत घ्यायला कोण तयार होणार?

इथे शंकररावांची चाल पुन्हा आठवते. ‘खबर’ जर फक्त नांगराची माहिती देत राहिलं असतं, तर नांगर सगळ्यांना माहीत झाला त्या दिवशी त्याचं काम संपलं असतं. ते टिकलं, कारण माहितीच्या पुढे जाऊन त्याने वाचकाशी वाद घातला. गाड्यांच्या मासिकांतलंही लोक आजवर जपून ठेवतात ते स्पेसिफिकेशनचं पान नव्हे. लांबच्या प्रवासाचं वर्णन, कुणीतरी जुनी फियाट हाताने उभी केल्याची हकिकत, एखाद्या गाडीला बेधडक वाईट म्हटलेला लेख, हे लोक जपतात.

शंकररावांचा धागा तुटलेलाही नाही. ‘स्त्री’मध्ये १९६४ पासून काम करून पुढे तिच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी तिथून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. तिथे पाठीशी कारखाना नव्हता. होते ते वर्गणीदार आणि कार्यकर्त्या.

ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चं. कागद जपायची सवय या पट्ट्याला जुनी आहे. तुमच्या माळ्यावर गाड्यांच्या मासिकांचे जुने गठ्ठे पडले असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या वाचनालयात एकदा विचारून बघा. १९९० च्या दशकात या भागातल्या कारखान्यात कोणती गाडी बनत होती, ती रस्त्यावर कशी चालायची आणि ती घ्यायचं स्वप्न कोण बघत होतं, हे पन्नास वर्षांनी कुणाला शोधायचं झालं, तर तेव्हाच्या वेबसाइट उघडतीलच याची खात्री कुणी देणार नाही. छापलेलं पान मात्र, वाळवी लागली नाही तर, तिथेच सापडेल.